तिशीत नर्सिंगला यायचंय? आधी बारावीची मार्कशीट काढा

पुण्यात नोकरी सोडून नर्सिंगला येऊ पाहणारी मंडळी बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतात : "मॅडम, पगाराचं बघून घेऊ, मला माणसांसाठी काहीतरी करायचंय." मी त्यांना आधी बारावीची मार्कशीट विचारते आणि मग जन्मतारीख. थोडं कोरडं वाटतं ते, पण या दोन कागदांवर जे अडतं ते पुढे कितीही सेवाभाव असला तरी सुटत नाही. वॉर्डात काम करून आता विद्यार्थिनींना शिकवते आहे, म्हणून ज्या क्रमाने मी हे तोंडी सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते.

मार्कशीट आणि जन्मतारीख

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, म्हणजे आठ सेमिस्टरचं. त्यासाठी बारावी सायन्स हवं : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि इंग्रजी पास. बारावीला बायोलॉजी सोडून गणित घेतलेले इंजिनिअर इथेच अडकतात. पदवी, अनुभव, कंपनीतलं पद, काहीही चालत नाही. बायोलॉजीच लागते.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा डिप्लोमा. इथे बारावी कोणत्याही शाखेची चालते. सायन्सला प्राधान्य असतं, पण सक्ती नाही. एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के लागतात. म्हणून कॉमर्स किंवा आर्ट्स केलेल्या, बँकेत किंवा बीपीओत असलेल्या माणसाचा सरळ रस्ता हाच. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की पदवी हातात येते. बी.एस्सी.च हवं असा हट्ट असेल तर एनआयओएस या मुक्त शाळेतून सायन्सचे विषय आणि इंग्रजी घेऊन बारावी पुन्हा देता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात ती धरली आहे. पण हिशोब करा. एनआयओएसचं किमान एक वर्ष आणि पुढे चार, म्हणजे पाच. जीएनएम तीन आणि पोस्ट बेसिक दोन, तीही पाचच. फरक इतकाच की दुसऱ्या रस्त्यात तीन वर्षांनी रजिस्ट्रेशन मिळतं आणि पगार सुरू होऊ शकतो. तिशीतल्या माणसाला मी डोळे झाकून दुसरा रस्ता सांगते.

तिसरा कोर्स एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), दोन वर्षांचा. आरोग्य उपकेंद्र, लसीकरण, गरोदर बायांची नोंद या कामांसाठी तो बनलेला आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आयसीयूत काम करायचं मनात असेल तर इथे वर्षं घालवू नका.

आता वय. परिषदेच्या नियमाप्रमाणे बी.एस्सी. आणि जीएनएम दोन्हीला किमान १७ आणि कमाल ३५ वर्षं. बरीच जणं ३४ व्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात आणि पुढचं वर्ष हातचं जातं. तुम्ही ३३ च्या पुढे असाल तर ठरवायला एकच हंगाम आहे असं धरून चाला.

एएफएमसीच्या, म्हणजे पुण्यातल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नर्सिंग कॉलेजबद्दल प्रत्येकजण विचारतो, म्हणून सांगून टाकते. तिथे प्रवेश फक्त महिलांना, नीटच्या गुणांवर, आणि वयाची व वैवाहिक स्थितीची अटही आहे. नुकत्याच बारावी झालेल्या मुलींसाठी ती उत्तम जागा. संसार असलेल्या, तिशीतल्या बाईसाठी ती नाही.

सहा महिन्यांत नर्स होता येत नाही

कात्रजपासून निगडीपर्यंत भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर जाहिराती असतात : सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स, शंभर टक्के नोकरी. असा कोर्स करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली व्यक्ती कायद्याने परिचारिका नसते. या मुली पुढे ब्युरोमार्फत घरोघरी आजी-आजोबा सांभाळायला जातात. ते काम कमी दर्जाचं मुळीच नाही, पुण्यात त्याला प्रचंड मागणी आहे. पण ते नर्सिंग म्हणून विकलं जातं तेव्हा ती फसवणूक असते. काही मुलींना तर हे कळतं ते मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेल्यावर, तिथे रजिस्ट्रेशन नंबर विचारला जातो तेव्हा.

जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाचा, कोर्स मात्र तो जे आहे तेच म्हणवतो, म्हणून चालेल. हे काम आपल्याला झेपतं का ते चार-सहा महिन्यांत कळावं म्हणून कोणी तो केला तर मला ते शहाणपणाचं वाटतं. "घरबसल्या", "शनिवार-रविवार", "पत्राद्वारे" असे शब्द ज्या नर्सिंग कोर्सच्या जाहिरातीत दिसतील, तिथून मात्र सरळ बाहेर पडा.

वॉर्ड आधी बघा

हा टप्पा लोक गाळतात. आईच्या ऑपरेशनला आठ दिवस रुग्णालयात काढले, तेव्हा सिस्टरचं काम बघून भारावले, एवढ्यावर निर्णय होतात. तुम्ही तेव्हा एका पेशंटजवळ बसला होतात. सिस्टरकडे त्या रात्री वॉर्डाची एक अख्खी बाजू होती.

नियमाने साध्या वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतरत्र पाच पेशंटमागे एक परिचारिका असावी. कागदावर हे फार छान दिसतं. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, संध्याकाळी डोकावून या. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकलेली दिसेल, आणि त्या सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, सलाईन, इंजेक्शन, रिपोर्ट, नातेवाईक असं सांभाळणाऱ्या एक किंवा दोन सिस्टर.

काम हातानेच करायचं असतं. बेडपॅन द्यायचं, उलटी पुसायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब घालायची, लघवीसाठी कॅथेटर टाकायचं. पेशंट गेला की बॉडी पॅक करायची, आणि त्याच हातांनी, धुऊन अर्थात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला औषध द्यायचं, चेहऱ्यावर काही न दाखवता. मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, मदतीला असतात, पण शिकताना हे सगळं तुम्हीच करता, आणि करायलाच हवं.

तर बघायचं कसं? वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची विनामूल्य काळजी घेतली जाते. अशा ठिकाणी किंवा एखाद्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, जाऊन विचारा. दोन-तीन महिने, दर आठवड्याला, ठरल्या वेळी. एकदाच जाऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. सलग काही तास उभं राहिल्यावर पाठ काय म्हणते, वासाचं काय होतं, रागावलेल्या नातेवाइकाशी बोलताना आपला आवाज चढतो का, हे स्वतःकडे बघून ठरवा. ओळखीतली एखादी परिचारिका असेल तर तिला कामाबद्दल विचारू नका, नाईट करून आल्यावर तिचा दिवस कसा जातो ते विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

घरच्यांनाही यात घ्या. सासूबाई, नवरा किंवा बायको, आईवडील, जे कोणी मुलं सांभाळणार आहेत त्यांच्याशी "मी नर्स होणार" या मथळ्यावर बोलू नका, "पहिल्या दिवाळीला माझी ड्युटी असेल, चालेल का?" असं विचारा. आपल्याकडे अजूनही काही घरांत नर्सिंग म्हटलं की नाक मुरडतात, विशेषतः मुलगा म्हणाला की. मुलांनी हे मनावर घेऊ नये. कॅज्युल्टी (तातडीचा विभाग), ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, हवेच असतात. फक्त प्रवेश आणि भरतीत पुरुषांच्या जागा कमी असतात हे आधी तपासा. एम्सच्या भरतीत महिला-पुरुष प्रमाण ८०:२० ठेवलेलं आहे.

पैसे

कोर्स पूर्णवेळ असतो. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला किमान ८० टक्के हजेरी, आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. त्यामुळे सोबत नोकरी हा विचार सोडून द्या. रात्री फ्रीलान्स करू म्हणणारे आयटीतले लोक पहिल्या नाईट पोस्टिंगला ते बंद करतात.

म्हणजे तीन किंवा चार वर्षं घरात तुमची कमाई शून्य. फी त्याच्या वर. फी किती हे कॉलेजच्या ऑफिसात तोंडी ऐकू नका. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ज्या कॉलेजांची फी ठरवतं ती संकेतस्थळावर मिळते. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, परीक्षा शुल्क, कम्युनिटी पोस्टिंगचा (गावात-वस्तीत जाऊन करायच्या कामाचा) प्रवास हे वेगळं जोडा. काही कॉलेजांत हॉस्टेल सक्तीचं असतं, मग घर कोथरूडला असो वा नसो. लहान मूल असणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

मदत मिळते. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्त्यांचे अर्ज होतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश (कॅप) फेरीतूनच झालेला हवा. तुमच्या कॉलेजला, तुमच्या कोर्सला ती लागू आहे का हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

पुढच्या पगाराचं स्वप्न आणि वास्तव शेजारी ठेवून बघा. सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे, वर भत्ते. केंद्राच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० पासून. खाजगीसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने असं सुचवलं होतं की २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी बरोबरीचा पगार द्यावा आणि ५० खाटांच्या आतल्यांनीसुद्धा २०,००० पेक्षा कमी देऊ नये. पेठेतल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये जाऊन पगार विचारा म्हणजे या शिफारशीचं काय झालं ते कळेल. हिंजवडीत जे मिळवत होता ते लगेच मिळणार नाही. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर तो आधी मार्गी लावा.

प्रवेश

बी.एस्सी.साठी राज्याचा सीईटी सेल नर्सिंगची वेगळी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, घेतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड असे पाच भाग असतात. बारावीला दहा-बारा वर्षं झाली असतील तर अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं आणा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आधी बायोलॉजी आणि इंग्रजी पक्कं करा, मोठ्या माणसांचे गुण तिथेच पटकन वाढतात. नोंदणी हिवाळ्यातच सुरू होते आणि मोठ्या माणसांना ती हमखास चुकते, कारण घरात कोणी बारावीला नसतं. जीएनएमच्या प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलत आले आहेत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, डी. वाय. पाटील यांसारख्या अभिमत विद्यापीठांची प्रवेश प्रक्रिया त्यांची स्वतःची असते, अर्जही वेगळा.

कागदपत्रांत तिशीतल्यांना छळणारे कागद वेगळेच. आधीच्या कॉलेजचा टीसी, पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट (नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला ते लागतं), शिक्षणातल्या खंडाचं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, डोमिसाइल, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ज्यांना लागू त्यांनी तहसील आणि समितीच्या वेळा धरून आधीच अर्ज टाकावेत.

राजीनाम्याचा प्रश्न इथे येतो. कंपनीचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असतो, आणि जागा मिळाल्यापासून कॉलेजात हजर होण्यापर्यंत मिळतात मोजके दिवस. म्हणून सीईटीचा निकाल आणि मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून मॅनेजरशी तोंडी बोलून ठेवा, मेल मात्र जागा मिळून कागद तपासून झाल्यावरच पाठवा. रजा शिल्लक ठेवली असेल तर ती याच दिवसांत कामी येते.

कॉलेज निवडताना

मान्यता तीन ठिकाणी तपासायची : भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद, आणि बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाची संलग्नता. जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. याद्या संकेतस्थळांवर असतात, त्या वर्षाची यादी बघा.

त्याहून मोठा प्रश्न रुग्णालयाचा. कॉलेजच्या स्वतःच्या रुग्णालयात पेशंट असतात का? मी पालकांना सांगते, गेटवरच्या फलकावर जाऊ नका, ओपीडीच्या वेळी जाऊन रांग बघा आणि दुपारी वॉर्डातल्या रिकाम्या खाटा बघा. पेशंट नसलेल्या रुग्णालयात तुम्ही चार वर्षं डमीवर इंजेक्शन देत बसाल. ससून, पिंपरीचं वायसीएम रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय अशा गर्दीच्या ठिकाणी पोस्टिंग आहे का, लेबर रूम किती दिवस मिळते, मानसोपचारासाठी येरवड्याला नेतात का, हे शिकणाऱ्या मुलींनाच बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. नोकरीच्या बदल्यात बाँड असेल तर त्याची मुदत आणि मोडल्यास रक्कम वाचूनच सही करा. मूळ प्रमाणपत्रं "जमा" करून घेणाऱ्यांपासून लांब राहा.

पहिलं वर्ष

तुमच्या बाकावर अठरा वर्षांची मुलं असतील आणि तुम्हाला ती "ताई" किंवा "दादा" म्हणतील. वॉर्डातली इनचार्ज सिस्टर कदाचित तुमच्याहून लहान असेल आणि सगळ्यांसमोर बोलेल. कालपर्यंत टीम सांभाळणाऱ्यांना हे जड जातं, अ‍ॅनाटॉमीपेक्षा जास्त. उलट, पेशंटच्या घरच्यांशी बोलणं, नोंदी नीट लिहिणं, ड्युटी संपताना हँडओव्हर मुद्द्याचा देणं यांत मोठी मुलं-मुली पहिल्याच महिन्यात पुढे असतात.

पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. फाउंडेशन हलकं घेऊ नका. बेड मेकिंगला हसणारे परीक्षेत तिथेच गुण घालवतात. नखं कापलेली, केसांचा अंबाडा, हातात बांगड्या नाहीत, मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत.

प्रवेशाआधीच हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा. तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे कोर्सच्या पहिल्या दिवशी सुरू केली तर वॉर्डात जाईपर्यंत ती पूर्ण होत नाही. वापरलेली सुई टोचलीच तर जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ओरडा खा, पण सांगा.

नातेवाईक अंगावर येण्याचे प्रसंग घडतात. रुग्णसेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो परिचारिकांनाही लागू आहे, पण त्या क्षणी उपयोगी पडतं ते दाराच्या बाजूला उभं राहणं आणि एकटीने वाईट बातमी न सांगणं.

पास झाल्यावर

आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी कार्यशाळांचे तास जमवावे लागतात. प्रमाणपत्रं पहिल्यापासून एका फाइलीत ठेवा.

मग वयाचा हिशोब पुन्हा. समजा २९ व्या वर्षी जीएनएमला आलात, ३२ ला बाहेर पडलात. राज्य सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ ही सर्वसाधारण मर्यादा, म्हणजे तुमच्याकडे काही वर्षं आहेत, पण जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेला मर्यादा ३० (राखीव प्रवर्गांना सवलत), आणि जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो. उशिरा येणाऱ्या बहुतेकांसाठी ते दार बंदच समजा. कंत्राटी भरती हा सध्या कळीचा मुद्दा आहे; जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका त्याविरोधात संपावर गेल्या होत्या. कंत्राटावर रुजू होताना मुदत, रजा आणि अनुभव प्रमाणपत्र कोण देणार हे विचारून घ्या.

पहिली नोकरी पगारावर निवडू नका. पहिली दोन वर्षं आयसीयू, डायलिसिस किंवा कॅज्युल्टी असलेल्या मोठ्या ठिकाणी काढलीत तर पुढे पुण्यातल्या पुण्यात रुग्णालय बदलताना आकडा तुम्ही सांगता. रात्री-बेरात्री ये-जा करायची असल्याने घरापासूनचं अंतर मात्र पहिल्या दिवसापासून बघा. रुबी हॉलच्या दारात मेट्रो आली असली तरी इव्हिनिंग ड्युटी लांबली की रिक्षाच शोधावी लागते.

परदेशाचं डोक्यात असेल तर आखाती देशांत साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि त्या-त्या देशाची परीक्षा, ब्रिटनसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, जर्मनीसाठी बी-२ पातळीचं जर्मन. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून चौकशा खूप वाढल्या आहेत. जर्मन शिकायला पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचितच असेल, मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. पण पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीसोबत जर्मन सुरू करणाऱ्यांचं दोन्ही अर्धवट राहतं. शेवटच्या वर्षात ए-१ (पहिली पातळी) सुरू करा, नोकरी लागल्यावर नाईट आणि ऑफ धरून बी-२ पर्यंत जा, आणि "आत्ता पैसे भरा, व्हिसा आम्ही बघतो" म्हणणाऱ्या कन्सल्टंटला एकच विचारा : नेमणुकीचं पत्र कोणत्या रुग्णालयाचं, आणि ते मी स्वतः त्यांना मेल करून तपासू शकते का?